झोपवणारी गाडी

माझ्या गाडीत बसलं की रडकी लेकरं झोपतात, ही कीर्ती मी कमावलेली नव्हती. ती आपोआप माझ्या पदरात पडली. पण पडल्यावर मी ती गावभर मिरवली, हे मात्र खरं.

गाडी म्हणजे एक जुना छोटा पिकअप. पुढं दोन माणसं बसतात, मागं भाजीची कॅरेटं. इंजिन पुढच्या सीटच्या खालीच आहे. सीट उचलली की दिसतं. औशाजवळच्या आमच्या गावातून मी रोज पहाटे लातूरला भाजी नेतो आणि दुपारी परत येतो. तीन वर्षांपूर्वी गाडीला गॅसची टाकी बसवली, तेव्हापासून ना धूर दिसतो ना वास येतो. हिवाळ्यात पुढची केबिन अशी उबदार होते की घोंगडं लागत नाही. मोठ्या गाड्यांना हिटर विकत घ्यावा लागतो, माझ्या गाडीला देवानं फुकट दिलाय, असं मी चारचौघांत सांगत असे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात शेजारच्या गीतांजलीचा पोरगा दिवेलागणीला रडायला लागायचा तो थांबायचाच नाही. दृष्ट काढून झाली, घुटी देऊन झाली. शेवटी मीच म्हणालो, बस गाडीत, रस्त्यापर्यंत चक्कर मारून आणतो. बाळंतीण आणि बाळ गाडीत, म्हणजे काचा वर, फटीत फडकं, बाळाच्या कानाला टोपरं. वारं लागता कामा नये. ओढ्याच्या पुलापर्यंत पोचलो नाही तोच पोरगा गाढ. गीतांजलीही पेंगायला लागली. मला आपलं कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाणवठ्यावर सांगितलं आणि झालं! दोन हिवाळ्यांत सात लेकरं माझ्या गाडीत झोपली.

त्या फेऱ्या मला फार आवडायच्या. दोन्ही बाजूंनी तूर, मध्ये काळा रस्ता, पलीकडं करडईच्या पट्ट्यावर उतरणारं धुकं. गाडी हळू चालायची. थोड्या वेळानं सगळं हलकं व्हायचं. हात चाकावर असायचे, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे. समोरून येणाऱ्या बैलगाडीचा कंदील बराच वेळ तिथंच थांबल्यासारखा दिसायचा. मेलेली माणसं आठवायची, पण दुःख व्हायचं नाही. माझे वडील तुरीत उभे राहून हात करतायत असं एकदा वाटलं, आणि मी मान हलवून पुढं गेलो, रोजच भेटत असल्यासारखा. घरी आल्यावर डोकं जड असायचं. मी म्हणायचो, वय झालं. मनात म्हणायचो, समाधान यालाच म्हणतात.

या हिवाळ्यात आमची शिवांगी बाळंतपणाला आली आणि मी आजोबा झालो. मुलगी झाली, आमची छकुली. कंधारला तिच्या सासरी निरोप गेला, पेढे गेले, आणि सव्वा महिना झाला की मी स्वतः गाडीनं मायलेकींना पोचवीन असं ठरलं. दुसऱ्या कुणाच्या गाडीचं नावसुद्धा मी काढू दिलं नाही.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला पंचफुलामावशी येत. साठी ओलांडलेली, काटकीसारखी बाई, पण हातात जोर आणि तोंडात त्याहून जास्त. गावातल्या अर्ध्या माणसांना त्यांनीच पायावर घेऊन न्हाऊ घातलंय. त्यात मीही आलो असतो, पण मी त्यांच्याहून थोडाच लहान. न्हाणं झालं की त्या शेगडीत निखारे घालून त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं टाकायच्या आणि बाळाला धुरी द्यायच्या. संध्याकाळी पुन्हा एकदा यायच्या, शेगडी पेटवून बाळंतिणीची कंबर शेकायच्या. घरभर तो गोडसर वास असायचा. बाळाला, शिवांगीच्या पदराला, माझ्या गाडीच्या सीटलाही. त्या वासात दुसरा कुठला वास असलाच तर तो कुणाच्या ध्यानात येणार?

छकुलीसुद्धा दिवेलागणीला किरकिर करायला लागली. मी वाटच बघत होतो. दोन संध्याकाळ चकरा झाल्या, पोर झोपली, माझी छाती फुगली. तिसऱ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा पंचफुलामावशी शेगडी पेटवून खोलीत बसल्या होत्या. शिवांगीनं बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मावशींनी तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली.

"ही झोप न्हाई," त्या म्हणाल्या.

"झोपू द्या की मावशी, आत्ताच डोळा लागलाय," माझी बायको शिवगंगा म्हणाली.

"मी शंभर लेकरं पायावर घेतल्यात. झोपलेलं लेकरू पाय आकडून घेतंय. हिचा पाय बग, चिंधीवानी पडलाय."

आणि त्या बाळाला घेऊन तरातरा अंगणात गेल्या. शिवगंगा मागं धावली, अवो वारं लागंल, म्हणून ओरडली. मावशींनी टोपरं काढून फेकलं, दुपटं सोडलं, पोरीचं तोंड वाऱ्याकडं केलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग छकुलीनं दूध ओकलं आणि बारीक आवाजात रडली.

शेजारच्या व्यंकटीच्या कारनं आम्ही तिला लातूरला नेलं. डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिजनची नळी लावून ठेवलं आणि सकाळी विचारलं, "बंद खोलीत कोळसा पेटवता का?"

"हाव," शिवगंगा म्हणाली. "शेगडी असती की बाळंतिणीची."

"त्या हवेत विष असतं. दिसत नाही, त्याला वास नाही. मोकळ्या हवेत नेलंत म्हणून मूल वाचलं."

मोकळ्या हवेत कुणी नेलं, हे आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. येताना सगळ्या वाटेनं आम्ही पंचफुलामावशींवर खापर फोडत आलो, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता. घरी पोचल्यावर मी त्यांना दारातच अडवलं. "मावशी, तुमच्या धुरीनं माझी नात जात होती. उद्यापासून येऊ नका."

त्या काहीतरी बोलतील असं मला वाटलं होतं. गाव त्यांच्या तोंडाला घाबरतं. दाराजवळच्या कोपऱ्यातली तेलाची वाटी त्यांनी उचलली, पदरानं पुसली आणि गेल्या. आठवड्यात आणखी तीन घरांनी त्यांना नको म्हणून सांगितलं.

शेगडी गेली, खोलीची खिडकी उघडी राहिली, आणि छकुली चार दिवस टुणटुणीत होती. फक्त दिवेलागणीला रडायची. पाचव्या दिवशी मी म्हणालो, चला, फेरी मारू. डॉक्टरांचं सगळं ऐकलं होतं की मी! शेगडी नव्हती, धुरी नव्हती. शिवांगी बाळाला घेऊन शेजारी बसली, मी काचा वर केल्या, फटीत फडकी खोचली.

त्या संध्याकाळी धुकं लवकर उतरलं होतं. तुरीला पिवळी फुलं अजून थोडी राहिली होती, ती उजेडात तरंगताना दिसत होती. छकुलीचं रडणं दूर गेलं, आणखी दूर गेलं, मग एखाद्या शेजारच्या गावात राहिलं. शिवांगी म्हणाली, "अप्पा, डोकं जड झालंय." मला ऐकू आलं, पण उत्तर द्यावं असं वाटेना. रस्ता चढणीचा झाला. आमच्याकडं चढण नाही, सगळी सपाट काळी जमीन, तरी गाडी चढत होती, आणि वर कुठंतरी दिवे होते, आणि तिथं पोचलं की सगळं नीट होणार होतं. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. मी ते आज लाजून सांगतोय, पण झालं होतं.

तेवढ्यात शेळ्या आडव्या आल्या. पायानं सवयीनं ब्रेक दाबला. राखणदार म्हातारी मध्येच उभी राहिली, हलेना, म्हणून तिला शिवी घालायला मी काच खाली केली.

थंड वारा तोंडावर बसला. रस्ता सपाट झाला. दिवे म्हणजे पुलापलीकडच्या शेतातल्या आखाड्यावरचा, गुरांच्या गोठ्यावरचा, एकच बल्ब होता. मी शेजारी पाहिलं. शिवांगीची मान दाराला टेकली होती, ओठ उघडे. छकुली तिच्या मांडीवरून घसरत होती आणि तिचा पाय लोंबत होता. चिंधीसारखा.

मी दोघींना कसं बाहेर काढलं मला आठवत नाही. शिवांगी रस्त्याच्या कडेला बसून ओकली. मी पोरीला दोन्ही हातांवर धरून वाऱ्यात उभा राहिलो आणि तिला रडायला सांगत राहिलो. "रड, माय, रड गं." शेळ्यांची म्हातारी बघत होती. पोर रडली तेव्हा मी पण रडलो.

दुसऱ्या चार चाकांची वाट बघण्यापेक्षा काचा खाली करून, हळूहळू, तोंड बाहेर काढून आम्ही घरी आलो. पोरगी वाऱ्यात नीट होती. दारात मी शिवांगीला म्हणालो, "आईला काही बोलू नको. मी आधी गाडी बघतो."

"आणि मावशी?" तिनं विचारलं.

"बघतो म्हणालो न्हवं," मी खेकसलो. माणूस चुकला की त्याचा आवाज चढतो, माझाही चढला.

औशात लातूर रस्त्याला नरसिंग मिस्त्रीचं गॅरेज आहे. मिस्त्री उजव्या कानानं बहिरा आणि डाव्या कानानं दुप्पट ऐकणारा. रबरी नळीचा एक हात लांब तुकडा डाव्या कानाला लावून तो इंजिन तपासतो, डॉक्टर छाती तपासतो तसं. मी सगळं सांगितलं. फक्त पंचफुलामावशींचं सांगितलं नाही.

त्यानं सीट उचलली, इंजिन चालू केलं, नळी इकडं लाव, तिकडं लाव. "आवाज न्हाई," म्हणाला. मग मागं जाऊन ओलं गोणपाट सायलेंसरच्या तोंडाशी दाबून धरलं. "असं कोंडलं की इंजिनानं बंद पडाय पायजे, अप्पा. ऐका."

इंजिन कण्हलं, पण बंद पडलं नाही. चालतच राहिलं.

"म्हंजे दुसरीकडनं श्वास घेऊन राहिलंय," मिस्त्री म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. आजार असल्याचं कळल्यावर डॉक्टर जसा खूश होतो.

मग साबणाचं पाणी झालं. प्रत्येक जोडावर ब्रशनं फेस लावला. कुठंच बुडबुडा नाही. दुपार झाली. इंजिन गार करा, पुन्हा चालू करा, पुन्हा गार करा. शेवटी त्यानं भिंतीला टेकून बिडी काढली, तोंडात नुसतीच धरली आणि म्हणाला, "अप्पा, नुसत्या हवेला डोळे न्हाईत. तिला रंग देऊ. घरून ऊद आना, न्हाईतर जे काय जळतंय अन् धूर करतंय ते आना."

घरी ऊद संपला होता. फळीवर पंचफुलामावशींची पुडी होती, त्या विसरून गेलेल्या. ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं. मी ती उचलली.

मिस्त्रीनं एका डब्यात निखारे घालून पुडी त्यावर ओतली, लोहाराकडून आणलेला हातभाता डब्याला जोडला आणि डब्याची नळी सायलेंसरच्या तोंडात कोंबून कडेनं गोणपाट गुंडाळलं. इंजिन बंद होतं. "तुमी आत बसा. काचा लावा. कुठनं येतंय ते बगा," असं म्हणून तो भाता फिरवायला लागला.

मी आत बसलो. बाहेरचा आवाज मिटला. काचेतून औशाचा रस्ता दिसत होता, एसटी गेली, ऊस गेला, सगळं मुक्यानं. बराच वेळ काही नाही. मग वास आला. आमच्या खोलीचा. छकुलीच्या टाळूचा. शिवांगी जन्मली तेव्हाचा. पायाशी पाहिलं तर गिअरच्या दांड्याच्या बुंध्यातून आणि सीटच्या कडेनं धुराची एक निळी रेघ सरळ वर येत होती, घाई न करता, माझ्या गुडघ्याला वळसा घालून. गेले दोन हिवाळे ती अशीच येत होती, फक्त तिला रंग नव्हता.

मी तिथंच बसून राहिलो. ज्या धुरीवर मी आळ घेतला, तीच माझ्या गाडीच्या पोटात शिरून मला माझं पाप दाखवत होती. मला मावशींची तेलाची वाटी पुसणारी बोटं दिसायला लागली. मिस्त्रीनं काचेवर थाप मारली तेव्हा भानावर आलो.

मग शोधायला वेळ लागला नाही. इंजिनातून सायलेंसरकडं जाणारा बिडाचा जाड तुकडा असतो, त्याच्या मागच्या अंगाला, हात आणि डोळा दोन्ही पोचत नाहीत अशा जागी, केसाएवढी चीर होती. मिस्त्रीनं स्कूटरचा आरसा आत घालून दाखवली. तिच्या कडेनं राखाडी डाग पडला होता. आणि सीटखालच्या झाकणाचं रबर कधीच झिजून गेलं होतं. माझा फुकटचा हिटर तो हाच.

"उघड्या काचांनी तुमाला कधीच कळलं नसतं," मिस्त्री म्हणाला. "लेकरासाठी काचा लावल्या, तिथं घात झाला."

लातूरहून दुसरा तुकडा आणला, नवं पॅकिंग बसवलं, रबर बदललं. दुसऱ्या दिवशी गोणपाट लावल्यावर इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडलं. पुन्हा धूर भरला, आत बसलो, काही आलं नाही. नुसती काच, आणि मी.

गाडी मी घरी नेली नाही. पंचफुलामावशींच्या दारात लावली. त्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी खाली उभा राहून सगळं सांगितलं. चीर, धूर, शेळ्या, छकुलीचा पाय. पहिल्याच दिवशी शिवांगीनं विचारलं होतं आणि मी दोन दिवस लपवलं, तेही सांगितलं. त्या शेंगा सोलत राहिल्या.

"मला कामून सांगून राहिलास?" त्या म्हणाल्या. "मला ठावं व्हतं शेगडी न्हाई म्हणून. चाळीस वरसं झाली शेगडी पेटवून राहिले, दार कधी लावलं न्हाई मी. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांग."

"सांगतो. आत्ता सांगतो. चला माझ्यासंगं."

त्या उठल्या, पदर खोचला आणि गाडीत येऊन बसल्या. आम्ही सातही घरी गेलो. प्रत्येक दारात मी खाली उतरून सांगितलं, लेकरं डॉक्टरला दाखवून घ्या म्हणालो, मावशींची चूक नव्हती म्हणालो. मावशी आत बसून समोर बघत होत्या. कुणी मला शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. गीतांजलीचा पोरगा अंगणात कोंबडीमागं पळत होता. त्याच्याकडं बघत ती हळूच म्हणाली, "पण अप्पा, झोपत व्हता की वो किती छान." मला तिचा राग आला नाही. मलाही त्या संध्याकाळी अजून हव्याशा वाटतात. चांगली झोप लागत नाही आता.

शेवटचं घर झालं तेव्हा सूर्य तुरीला टेकला होता. "आयतवारी पोरीला कंधारला नेनार म्हनं?" मावशींनी विचारलं.

"न्यायचंय. पण मनाला धीर होईना."

"मग काचा लाव."

"मावशी..."

"लाव म्हनते न्हवं. पोरीला बसवायच्या आदी मी बसते. लातूर रस्त्यापातूर ने अन् आन."

मी फडकी खोचली नाहीत, पण त्यांनी स्वतः खोचली. गाडी निघाली. आणि त्यांनी सुरू केलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं. माझी अक्कल, माझं आजोबापण, माझ्या बायकोचं टोपरं, डॉक्टर, तेलाची वाटी अंगणातनं परत नेताना लोक कसे बघत होते ते. शिवी एकही दुसऱ्यांदा नाही. धुकं उतरलं, तूर मागं सरकत होती, आणि मी त्या आवाजाकडं कान लावून गाडी चालवत होतो, तो जड होतो का, लांब जातो का बघत. होत नव्हता. पूल गेला, आखाडा गेला, त्यांचा आवाज जिथल्या तिथं, धारदार. आयुष्यात कुणी मला एवढं बोललं नव्हतं आणि मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

लातूर रस्त्यावरून वळलो आणि त्या गप्प झाल्या.

एक झाड गेलं, दोन गेली. शेजारी बघायची हिंमत होईना. मग पाहिलं. पंचफुलामावशी काचेला नाक लावून करडईच्या शेताकडं बघत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं.

"माझ्याकडं काय बगून राहिलास?" त्या म्हणाल्या. "रस्त्याकडं बग. जिती हाय मी."